मिलो, रॉकेल आणि कोयता

रॉकेल हे युद्धाचे हत्यार होऊ शकते, हे बीडच्या लोकांनी १९४८ मध्ये पाहिले. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा जिल्हा होता. आष्टी, पाटोदा, गेवराई हे पश्चिमेचे तालुके, त्यांना लागून मुंबई प्रांताचा नगर जिल्हा आणि मधे संस्थानाची जकात वसूल करणारे करोडगिरीचे नाके. संस्थानाला समुद्रकिनारा नव्हता. मीठ बाहेरून यायचे, रॉकेल आणि पेट्रोलही बाहेरूनच. नोव्हेंबर १९४७ मध्ये भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, पण काही महिन्यांतच सीमेवरून माल येणे अवघड होत गेले. हैदराबाद सरकार याला नाकेबंदी म्हणत होते, दिल्ली ते मान्य करीत नव्हती. निजामाच्या बाजूच्या रझाकारांची दहशत गावोगाव वाढत होती आणि सिडने कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानांतून निजामासाठी शस्त्रे आणून टाकत होता. २१ ऑगस्टला निजामाने थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात घुसल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. दरम्यान १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेत हैदराबादवर चर्चाही होऊन गेली. पॅरिसच्या त्या सभागृहात आणि आष्टीच्या बाजारपेठेत एकाच वादाचे पडसाद उमटत होते.

मुक्तीची ही कहाणी सांगताना तिची दुसरी बाजू गाळता येत नाही. भारतीय फौजांच्या या ‘पोलीस कारवाई’नंतर मुस्लिमांवर जे अत्याचार झाले, त्यांची पाहणी करण्यासाठी नेहरू सरकारने पंडित सुंदरलाल यांना पाठवले. सर्वाधिक हिंसाचार झालेल्या चार जिल्ह्यांच्या पाठोपाठ त्यांनी ज्या जिल्ह्यांची नावे घेतली, त्यांत बीड आहे. संघर्ष वरच्या पातळीवर मिटतो तेव्हाही खाली कोणाची तरी चूल विझलेली असते आणि १९४८ मध्ये ती दोन्ही समाजांतल्या गरिबांची होती.

पण बीडच्या शेतकऱ्याला युद्धाची ओळख त्याआधीच, दुसऱ्या महायुद्धात झाली होती, ती लेव्हीमुळे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या ताब्यात गेले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ भारतात यायचा बंद झाला. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसे उपासमारीने मेली. हैदराबाद संस्थानाने शहरांसाठी धान्य जमवायला सक्तीची लेव्ही लावली. सरकारने ठरवलेल्या भावाने शेतकऱ्याने ठरलेला वाटा घालायचा, पीक आले असो वा नसो. बाजारातला भाव त्याहून कितीतरी चढा. कागदावर नियम सर्वांना सारखा होता, पण वसुली पाटील-पटवारी आणि गिरदावर यांच्या हातात होती. मोठ्या जमीनदाराचे धान्य नोंदीतून निसटायचे आणि चार-सहा एकरवाल्याच्या घरातले मोजून जायचे.

मराठवाड्यात ज्वारी साठवायची जुनी रीत पेवाची. उंचवट्यावरच्या कोरड्या जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, तळाला आणि कडेने कडबा, भुसकट दाबून बसवायचे, आत ज्वारी ओतायची आणि तोंड मातीने लिंपून बंद करायचे. नीट भरलेल्या पेवात ज्वारी काही वर्षे टिके. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे, कारण कोंडलेल्या हवेने जीव जायचा. ही होती गावाची अन्नसुरक्षा, कोणत्याही सरकारच्या कायद्याआधीची. एक वर्ष पाऊस दडी मारून बसला तरी पेवाच्या जोरावर पुढचे वर्ष निघे. युद्धकाळातल्या लेव्हीने याच साठ्यावर हात घातला. म्हणूनच १९४७-४८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसने ‘लेव्ही देऊ नका’ अशी हाक दिली, तेव्हा ती थेट शेतकऱ्याच्या घरात पोचली. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालच्या या लढ्याला बीड जिल्ह्यातल्या आंबेजोगाईची मोठी पार्श्वभूमी होती. स्वामीजींनी त्याच गावच्या योगेश्वरी विद्यालयात शिक्षक म्हणून काम केले होते. स्वातंत्र्य आणि भाकरी हे दोन वेगळे विषय आहेत, असे त्या पिढीला कधी वाटले नाही.

पेव पुरे पडत नाही, अशी वर्षेही येऊन गेली होती. १८९१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४० हजार होती, १९०१ मध्ये ती ४ लाख ९० हजारांवर आली. मधे १८९९-१९०० चा दुष्काळ होता. दहा वर्षांत जिल्ह्याने दर चार माणसांमागे जवळपास एक माणूस गमावला. कोणी मेले, कोणी परागंदा झाले. त्या काळी दुष्काळी कामे निघत असत, पण ती सरकारच्या मर्जीवर. काम मागण्याचा हक्क कोणाला नव्हता. पुढच्या सत्तर वर्षांत बीडमध्ये आणि महाराष्ट्रात जे बदलले, ते मुख्यतः हेच.

तो बदल मतपेटीतूनही दिसत होता. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बीडमधून रामचंद्र गोविंद परांजपे निवडून आले, ते काँग्रेसचे नव्हते, कम्युनिस्टांच्या पुढाकारातल्या पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंटचे होते. १९६७ मध्ये या जिल्ह्याने त्याहून मोठा धक्का दिला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार म्हणून बीडमध्ये उभे राहिले आणि जिंकले. १९७७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे इथूनच लोकसभेत गेले. आज बीडचे नाव जातीच्या गणितांसाठी आणि गुन्ह्यांच्या बातम्यांसाठी घेतले जाते, त्या बीडचा हा वारसा कोणी सहसा सांगत नाही. तो सांगायला हवा, कारण या जिल्ह्याने एकदा नव्हे तर तीनदा भाकरीचा आणि जमिनीचा प्रश्न घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला दिल्लीला पाठवले.

नाना पाटील जिंकले, त्या निवडणुकीमागे धान्याचीच टंचाई होती. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे देशात पावसाने दगा दिला. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी संध्याकाळचे जेवण सोडायला सांगितले. १९६६ मध्ये भारताने १ कोटी टनांहून अधिक धान्य परदेशातून आणले, त्यातला मोठा भाग अमेरिकेच्या पीएल-४८० या कायद्याखाली. हा कायदा १९५४ चा. अमेरिकेतले शिलकी धान्य मित्रदेशांना सवलतीने द्यायचे आणि त्या बदल्यात मैत्री राखायची, असा त्याचा साधा अर्थ. १९६६ च्या जुलैत इंदिरा गांधींनी मॉस्कोत व्हिएतनाममधील बॉम्बफेक थांबवण्याची मागणी केली. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन आधीच भारताला गहू एकेका महिन्याच्या हप्त्याने सोडत होते, आता तो हात आणखी आखडला. व्हिएतनामविषयी भारताने काय बोलावे, हे रेशनच्या दुकानातल्या गव्हाच्या पोत्यावरून ठरवले जात होते. जूनमध्येच रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला होता, म्हणजे रोखीने धान्य घेणेही महागले. पुण्यात १९५० च्या दशकाच्या मध्यात पहिल्यांदा नोंदले गेलेले गाजरगवत अशाच आयात गव्हाबरोबर आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज बीडच्या बांधाबांधावर ते माजलेले आहे.

मग आला बहात्तरचा दुष्काळ.

मराठवाड्यात आजही वय सांगताना म्हातारी माणसे ‘बहात्तरच्या दुष्काळात मी एवढी होते’ असे सांगतात. १९७० पासून पाऊस कमी होतच होता, १९७२ मध्ये तो जवळजवळ आलाच नाही. विहिरी आटल्या, कडबा संपला, जनावरे मिळेल त्या भावाने गेली. आणि नेमके त्याच वर्षी जगाचा धान्यबाजार पेटला. १९७२ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत रशियाने अमेरिकेकडून गुपचूप सौदे करून १ कोटी टनांहून अधिक धान्य उचलले. पुढच्या दीड वर्षात जगात गव्हाचे भाव सुमारे तिप्पट झाले. बांगलादेश युद्धात भारताने घेतलेल्या भूमिकेमुळे अमेरिकेने डिसेंबर १९७१ मध्ये आर्थिक मदत थांबवली होती आणि भारतानेही आपण सवलतीचे धान्य घेणे बंद करतो असे जाहीर केले होते. तो निर्णय स्वाभिमानाचा होता आणि योग्यही होता. पण त्याची किंमत लगेचच आली. गरज पडली तेव्हा धान्य रोखीने, चढ्या भावाने घ्यावे लागले. १९७३ मध्ये रशियानेच भारताला २० लाख टन गहू उसना दिला.

या खरेदीतून जे धान्य महाराष्ट्राच्या रेशनवर आले, त्यात होता मिलो. लालसर रंगाची अमेरिकन ज्वारी. तिकडे ती प्रामुख्याने जनावरांना घालतात. मालदांडी ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी खाल्लेल्या माणसाला मिलोची भाकरी घशाखाली उतरवणे जड गेले. कामांवर मुलांना आणि बायांना सुकडी मिळे, गोडसर चवीचे कोरडे पीठ. मिलो आणि सुकडी हे दोन शब्द त्या पिढीच्या जिभेवर कायमचे राहिले. ज्या जिल्ह्यात ज्वारी हेच जीवन, तिथे परदेशी ज्वारी रांगेत उभे राहून घ्यावी लागणे हा अपमान होता. पण मिलो नसता तर काय झाले असते, याचे उत्तर १९०१ च्या जनगणनेत आहे.

लोक मेले नाहीत याचे श्रेय एकट्या मिलोला देता येत नाही. धान्य कुठे ना कुठे असते, ते विकत घ्यायला हातात पैसा हवा. तो पैसा दुष्काळी कामांनी दिला. मे १९७३ मध्ये राज्यात सुमारे ४९ लाख माणसे सरकारी कामांवर होती. पाझर तलाव, नाला बंडिंग, रस्ते आणि रस्त्यांसाठी खडी. उन्हात बसून हातोडीने दगड फोडायचा, ढीग रचायचा, ब्रासवर माप घ्यायचे, मस्टरवर हजेरी आणि आठवड्याला पगार. कामावर बायांची संख्या मोठी होती. अनेकींच्या नावावर स्वतःच्या मजुरीची नोंद पहिल्यांदाच होत होती. पगार थकला, माप मारले, काम बंद केले, तर मोर्चे निघत. तहसील कचेरीवर चालून जाणाऱ्या या मोर्च्यांमागे लाल निशाणवाले होते, समाजवादी होते, शेतकरी कामगार पक्ष होता आणि पक्ष नसलेल्या हजारो बाया होत्या.

या कामांमधून जे उभे राहिले, ते जगाने नंतर अभ्यासले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला छोटा प्रयोग केला होता. मागेल त्याला काम द्यायचे, एवढीच त्याची कल्पना. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये ती राज्याची योजना झाली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या कायद्याचे खरे बळ त्याच्या पैशात आहे. १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला. मुंबई-पुण्यातल्या पगारदारांच्या आणि व्यावसायिकांच्या खिशातून दरमहा कापलेली छोटी रक्कम रोजगार हमीच्या निधीत जाऊ लागली. मुंबईच्या कारकुनाच्या पगारपत्रकावरची ती ओळ पाटोद्यातल्या मजुराच्या हजेरीशी जोडलेली होती. पुढे देशाने २००५ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, तो या महाराष्ट्राच्या कायद्यावरूनच. बहात्तरच्या दुष्काळातून बाहेर आलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि ती दानातून आलेली नाही. ती मागणीतून, भांडणातून आणि करातून आली.

दुष्काळ ओसरत होता, तोवर ६ ऑक्टोबर १९७३ ला इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर हल्ला केला. अरब देशांनी तेलाचा नळ आवळला. पिंपाला ३ डॉलरच्या आसपास असलेले खनिज तेल १ जानेवारी १९७४ ला ११ डॉलर ६५ सेंटवर होते. भारतात रॉकेल, डिझेल आणि खते एकाच वेळी महागली आणि मिळेनाशी झाली. सुवेझच्या काठावरची ती लढाई बीडच्या शेतकऱ्याला विहिरीवर भेटली. मोट सोडून त्याने नुकतेच डिझेलचे इंजिन बसवले होते. रासायनिक खतावर पोसलेली हायब्रीड ज्वारी हीदेखील नवीनच होती. ज्या नव्या शेतीने मिलोपासून सुटका होणार होती, तिचे इंधन आणि खत दोन्ही परदेशी तेलाला बांधलेले निघाले. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी महिला आघाडीने लाटणे मोर्चे काढले, थाळ्या वाजवल्या, रॉकेल आणि धान्याचा हिशेब मंत्र्यांना विचारला. मे १९७४ मध्ये देशभर रेल्वे थांबली. खेड्यातल्या बाईचे लाटणे त्या मोर्च्यात नव्हते, पण रॉकेलची बाटली घेऊन रांगेत तीही उभी होती.

तेलावरचे हे अवलंबन कमी करण्याचे एक उत्तर बीडमध्येच उभे राहत होते. परळी वैजनाथला १९७१ मध्ये ३० मेगावॅटचे दोन औष्णिक संच सुरू झाले. १९८० ते १९८७ दरम्यान २१० मेगावॅटचे तीन आले, पुढे २५० मेगावॅटचे आणखी तीन. ज्योतिर्लिंगाच्या गावाला चिमण्यांची ओळख मिळाली. मराठवाड्यातल्या विहिरींवर विजेचे पंप बसले, मोटेची कुई थांबली. सरकारी मालकीची वीज आणि सरकारी रेल्वेने येणारा देशी कोळसा यामुळे अरबस्तानातल्या युद्धाचा फटका निदान पंपापुरता सौम्य झाला. मात्र परळीची मेख पाण्यात होती. संच थंड करायला गोदावरीचे पाणी लागते. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाणी नाही म्हणून केंद्र बंद ठेवावे लागले, जुलै २०१५ मध्ये पुन्हा. वीज आहे तर पाणी उपसायला विहिरीत पाणी नाही आणि पाणी नाही म्हणून वीजही नाही, अशी ती कोंडी होती. पुढच्याच उन्हाळ्यात केज तालुक्यातले धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. नंतर २०२२ च्या उन्हाळ्यात युक्रेन युद्धाने जगभर कोळसा महागलेला असताना केंद्राने वीज कंपन्यांना १० टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितले. देशी कोळशाची भिंतही तेव्हा पूर्ण अभेद्य राहिली नाही.

बहात्तरने बीडला आणखी एक गोष्ट दिली, कोयता. ऊसतोडीसाठी बाहेर पडणे त्याआधीही होते, पण त्या दुष्काळानंतर गावेच्या गावे बाहेर पडू लागली. आष्टी, पाटोदा, शिरूर, वडवणी, धारूर, केज या डोंगरपट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. फडाजवळ पाचटाच्या कोप्या, पहाटेच्या अंधारात तोड सुरू, बैलांसाठी वाढे, उरलेले वाढे विकून मीठ-मिरची. चूल पाचटावर आणि काटक्यांवर. उज्ज्वला योजनेचा सिलिंडर गावातल्या कुलूपबंद घरात असतो आणि तो भरून घ्यायला कोणी तिथे नसते. मार्च २०२३ मध्ये घरगुती सिलिंडर ११०० रुपयांवर गेला होता, तेव्हा तो कोपीत असता तरी फारसा फरक पडला नसता. २०१९ मध्ये बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, उचल फिटावी, यासाठी शरीराने दिलेली ही किंमत आहे.

आता याच कोयत्याच्या टोकाला देशाचे इंधन आले आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. आयात तेलावरचे परकीय चलन वाचते, हा त्यामागचा युक्तिवाद खरा आहे. एक कोयता दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडतो. दोन टन उसाच्या रसापासून सुमारे १४० लिटर इथेनॉल निघते आणि लिटरला ६५ रुपये ६१ पैसे या सरकारी दराने त्याचे ९ हजारांहून अधिक रुपये होतात. त्यातले बहुतांश उसाच्या दरात आणि कारखान्याच्या खर्चात जातात. तोडणी मजुरीत जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ झाली, ती टनाला २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ पर्यंत पोचली. म्हणजे नवरा-बायकोचे मिळून, पहाटेपासून मोळ्या गाडीत चढेपर्यंत, दिवसाचे साधारण साडेपाचशे ते सव्वासातशे. देशाची ऊर्जा सुरक्षितता ज्यांच्या हातून कापली जाते, त्यांच्या घरात ती एवढीच उतरते.

त्यातही इंधन आणि अन्न यांची ओढाताण आहे. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यावर बंधने घातली, मग भर मक्यावर आला. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात स्वस्तात विकला जाऊ लागला आणि सोयापेंडीची मागणी घटली. बीडचा शेतकरी ज्वारी सोडून सोयाबीन आणि कापसाकडे वळलेला. त्याला हा घाव दुहेरी बसला, कारण २०२१ मध्ये क्विंटलला १० हजारांच्या घरात गेलेले सोयाबीन २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपयांच्या हमीभावालाही बाजारात पोचेना. त्याच काळात त्याच्या खताची पोती जगाच्या राजकारणावर हेलकावत होती. चीनने फॉस्फेट खतांची निर्यात आवळली आणि २०२५ च्या खरिपात डीएपीची टंचाई झाली. अनुदानामुळे गोणीचा दर १,३५० वर रोखलेला होता, पण गोणीच दुकानात नव्हती.

आणि युक्रेनची झळ रेशनपर्यंत आली. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून ठरवलेल्या १४ जिल्ह्यांत बीड आहे. या जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य मिळत होते, गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, मार्च-एप्रिलच्या उष्णतेने उत्तर भारतातला गहू करपला, १३ मे रोजी सरकारने गव्हाची निर्यात बंद केली आणि सरकारी साठा आटल्यावर या योजनेसाठी केंद्राकडून धान्य येणे थांबले. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्याने ठरवले की धान्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात द्यायचे. पुढे ते १७० झाले. पाच किलो धान्याला १५० म्हणजे किलोला ३० रुपये, आणि बाजारातला भाव वाढला तर तो फरक शेतकऱ्याने भरायचा. धान्य देणारे सरकार भाववाढीचा धोका स्वतःच्या अंगावर घेते. रोख देणारे सरकार तो धोका घरातल्या बाईच्या अंगावर टाकते. बहात्तरमध्ये मजुरी आणि मिलो दोन्ही मिळाले म्हणून जिल्हा तगला. २०२३ मध्ये त्यातले धान्य काढून घेतले गेले. ज्वारीच्या या जिल्ह्यात हमीभावाने ज्वारी घेऊन तीच इथल्या रेशनवर द्यायची, ही मागणी त्यामुळे जुनी वाटली तरी आजची आहे. देशी ज्वारीला ना काळ्या समुद्रातल्या जहाजाची वाट पाहावी लागते, ना चिनी खताची फारशी गरज पडते.

कोयत्यांसाठीही एक जुनी वाट पुन्हा उघडली आहे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळलेल्या प्रत्येक टनामागे १० रुपये घेण्याचे आणि तेवढीच रक्कम राज्याने घालण्याचे ठरले. व्यवसाय कराने रोजगार हमीला जे दिले, तेच हे टनामागचे दहा रुपये देऊ शकतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहे यातूनच आली, म्हणजे आई-बाप फडावर गेले तरी पोरगी गावात शिकत राहते. आता त्याच पैशातून फडावर आरोग्य तपासणी हवी, कोपीपर्यंत सिलिंडर हवा आणि मुख्य म्हणजे बीडचे रेशन कार्ड कोल्हापूरच्या दुकानात विनातक्रार चालायला हवे. देशभर एक रेशन कार्ड ही सोय कागदावर आहेच. ती कारखान्याच्या गेटजवळच्या दुकानात दर गाळप हंगामात तपासून बघणे जिल्हा प्रशासनाला आणि साखर आयुक्तालयाला सहज शक्य आहे.